मनस्वीच्या प्रवेशासाठी काकांनी केलेली खटपट

सन्माननीय अध्यक्ष चांगोशेठ, आजची सत्कारमूर्ती मनस्वी, तिचे आईवडील माधुरीताई आणि प्रदीपराव, व्यासपीठाच्या बरोबर मध्यभागी बसलेले तिचे काका सुदामशेठ, आमंत्रित पाहुणे आणि दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या विचुंबेकर बंधू-भगिनींनो, सर्वांना सस्नेह नमस्कार.

मनस्वी परवा दिल्लीकडच्या विद्यापीठात शिकायला निघाली आहे. मी तिला पनवेलला अकरावी-बारावीत इंग्रजी शिकवलं, एवढाच माझा बोलण्याचा अधिकार. तिच्या गुणांबद्दल आधीचे वक्ते इतकं बोललेत की पोरीनं अजून मान वर केलेली नाही. म्हणून मी बोलणार आहे सुदामशेठबद्दल. शेठ, घाबरू नका. म्हणजे, थोडं घाबरलात तरी चालेल.

त्या विद्यापीठात हजारोंनी अर्ज येतात आणि मोजकीच मुलं घेतात. नुसत्या टक्क्यांवर भागत नाही. स्वतःबद्दल निबंध लिहायचा, अभ्यासाबाहेर काय केलं ते सांगायचं, मग मुलाखत. हे मी शेठना समजावलं आणि त्या दिवसापासून तो प्रवेश मनस्वीचा राहिलाच नाही, शेठचा झाला! नेतृत्वगुण बघतात म्हटल्यावर आठवड्याभरात ही मुलगी गणेशोत्सव मंडळाची उपाध्यक्ष, क्रिकेट स्पर्धेची स्वागताध्यक्ष आणि भजनी मंडळाची खजिनदार. भजनाचे विठूबुवा मला विचारतात, "बाई, आमचेकरं टाल नि मुरदुंग हाय. खजिना कुटं हाय?"

मग वाशीहून केतन नावाचे प्रवेश-सल्लागार आले. आले म्हणजे फोनवर आले. 'विचुंबे गाव' एवढंच ऐकलं आणि गृहस्थांनी निबंध लिहूनच पाठवला. 'आमच्या दुर्गम खेड्यात मी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करते.' कंदील! अहो, मनस्वीच्या खोलीत एसी आहे. आणि दुर्गम म्हणावं, तर त्यांच्या इमारतीखाली मोमोची गाडी लागते. पण शेठना निबंध फार आवडला. म्हणाले, "मॅडम, वाचताना डोल्यान पानी आला." मी म्हटलं, शेठ, कंदील गेला कुठे ते तरी शोधा.

मनस्वी मात्र अडून बसली. मला म्हणाली, "बाई, असं खोटं लिहून गेले तर तिथे चार वर्षं कंदील हातात धरूनच फिरावं लागेल." तिनं स्वतः लिहिलं. काय लिहिलं? की आमच्या भातशेतात भराव टाकून आमची इमारत उभी राहिली, तिच्या चौथ्या मजल्यावर माझी खोली आहे. मोठा पाऊस झाला की खालच्या रस्त्यावर पाणी साचतं. ते पाणी जुनी वाट शोधत येतं, आणि आता त्याला कुठून जाऊ द्यायचं हे मला शिकायचंय.

तो भराव कुणी टाकला, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. हसू नका, अर्ध्या जणांच्या इमारती त्याच भरावावर आहेत! शेठनी निबंध माझ्याकडून मराठीत समजून घेतला आणि विचारलं, "यात माजा नाव तं नाय ना?" नाही म्हटलं. "मंग पाटवा." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "खरा लिवलाय पोरीनी." त्या वाक्यासाठी मी या माणसाचे शंभर अपराध पोटात घालायला तयार आहे.

आणि एकशे एकावा लगेचच घडला. मुलाखतीचं बोलावणं आलं. नुसतं बोलावणं! दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर. 'मनस्वीची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्यावर शेठ, काळा गॉगल, कानाला मोबाइल, पायापासून डोक्यापर्यंत. कोपऱ्यात, नीट पाहिलं तर सापडेल एवढीशी मनस्वी. लोक घरी येऊन पेढे मागायला लागले. ही मुलगी माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "बाई, नाही मिळालं तर त्या नाक्यावरून मी जाऊ कशी?" तेव्हा मला शेठचा खरोखर राग आला होता. तडक जाऊन जाब विचारला. तर ते शांतपणे म्हणतात, "मॅडम, आमचेकरं इलेक्शनचा अर्ज भरला का बॅनर लागतं. निकालाची वाट कोन बघतं?"

मुलाखत घरूनच झाली, कॉम्प्युटरवर. तिकडच्या प्राध्यापकांनी विचारलं, सध्या तुझ्यापुढे सगळ्यात मोठी अडचण कोणती? आम्ही घोटून घेतलेलं उत्तर हिनं सोडलं आणि सांगितलं, "नाक्यावरचा बॅनर." सगळी हकीकत ऐकून ती मंडळी पोट धरून हसली म्हणे. मग एका बाईंनी विचारलं, आम्ही तुला घेतलं नाही तर? ही म्हणाली, "तर काका बॅनर उतरवणार नाहीत. मी रोज त्याच्याखालून जाईन आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन."

प्रवेश त्या उत्तरानं मिळाला की निबंधानं, देव जाणे. पण इथल्या पालकांनो, कृपा करून उद्यापासून मुलाखतीआधी बॅनर लावू नका. मुलांना त्यांचं खरं लिहू द्या, तेवढं पुरे.

निकाल आला तेव्हा मी त्यांच्या घरीच होते. माधुरीताईंनी लेकीला मिठी मारली, प्रदीपराव निकाल पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेठ तीन-तीन फोन करून पेढे मागवत होते. आणि मध्येच त्यांनी फोन खाली ठेवला. मला विचारलं, "मॅडम, म्हंजे ही आता जानार?" विद्यापीठ दिल्लीकडे आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण मिळवायचं, मिळवायचं, याच नादात दोन वर्षं गेली होती. मिळालं की पोर घरात दिसणार नाही, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. मनस्वी, तुझे काका तुझ्यावर फार माया करतात गं. आम्ही सगळेच करतो.

मला बोलायला बोलावलंत, चेष्टा गोड मानून घेतलीत, याबद्दल ग्रामस्थांचे आणि आयोजकांचे मनापासून आभार. मास्तरणीची जीभ आहे, कुठे जास्त चालली असेल तर पदरात घ्या. कार्यक्रमपत्रिकेत यापुढचं भाषण सुदामशेठचं आहे. निवेदकांना माझी विनंती आहे, तेवढं नंतर ठेवा आणि आधी सत्कार उरकून घ्या. शेठनी आत्ता डोळ्यांना रुमाल लावलाय.