पंखे बंद करा

माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या स्पीच थेरपीच्या बाई, आणि समोर बसलेले रुग्ण व नातेवाईक, सर्वांना नमस्कार.

आज तीस तारीख, शुक्रवार. सकाळी बाईंनी शेवटचा वर्ग घेतला. दुपारी खुर्च्या लागल्या, हार आले. मघाशी सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "काका, रुग्णांतर्फे तुम्हीच बोला. तुमचा आवाज खणखणीत आहे." खरं तर बोलणार होते ते तिसऱ्या रांगेतले ड्रायव्हर. त्यांचं नाव ऐन वेळी गाळलं. का? तर म्हणे वेळ लागेल, आणि मागच्यांना कळणार नाही.

मी रुग्ण नाही. रुग्ण माझी बायको होती. ती मागच्या हिवाळ्यात गेली.

बोलणं म्हणजे काय, हे मला उतारवयात याच इमारतीत कळलं. फुप्फुसातली हवा वर येते, स्वरयंत्रातले दोन पडदे थरथरतात, आवाज होतो. मग जीभ, टाळू आणि ओठ मिळून त्याचा शब्द करतात. नुसतं "भाजी आणा" म्हणायला एवढा कारखाना चालतो, कुणाला पत्ता असतो? कॅन्सरमुळे हिचं स्वरयंत्र काढलं. श्वास मानेवरच्या छिद्रातून ये-जा करायचा, तोंडापर्यंत पोचायचाच नाही. बाईंनी तिला तोंडातली हवा अन्ननलिकेत ढकलायला आणि ढेकर द्यावी तशी परत आणून त्या हवेवर बोलायला शिकवलं. प, ट, क म्हणताना हवा आपसूक आत जाते, म्हणून आधी त्या अक्षरांचे शब्द. "ह"ला मात्र छातीतला श्वास लागतो. तो कुठून आणणार? म्हणजे "अहो" बाद. बाई म्हणाल्या, "यांना दुसरी काहीतरी हाक शोधा, ट आणि क असलेली." हिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "टकल्या."

हसा, हसा. तीही हसली होती, बिनआवाजाची.

पण तो आवाज बारीक. पंख्याखाली ऐकू यायचा नाही. म्हणून बाईंच्या खोलीत भर उन्हाळ्यात पंखा बंद, आणि आमच्याही घरी. पाहुणे आले की घाम पुसत आधी पंखा लावायचे. ही म्हणायची, "पंखा. बंद." ते मला विचारायचे, "काय म्हणतायत?" अरे, तिलाच विचारा की! माझी वहिनी तर तिच्याशी ओरडून बोलायची. गळा गेला होता, कान नव्हेत. आणि शेवटी ठरलेलं, "असू दे गं, त्रास नको घेऊस. भाऊजी सांगतील." मोठ्या कष्टाने ओठांपर्यंत आणलेला शब्द ती गिळून टाकायची. समोरच्यांना वाटायचं, आपण किती समजूतदार!

डॉक्टरसाहेब, आपली चिठ्ठी मिळाली. आवरतो.

ड्रायव्हरदादांचंही स्वरयंत्र काढलंय. कितीतरी दिवस ते एक वाक्य घोटतायत. ते बाईंसाठी आहे. मला ते पाठ आहे, खणखणीत म्हणूनही दाखवता येईल. पण मी म्हणणार नाही. घरी जे झालं, ते इथे तरी नको.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. आयोजकांचाही आभारी आहे. काही कडवट बोललो असेन तर तो दोष माझा, पोटात घाला. माझा उरलेला वेळ मी दादांना देतो. या दादा, माइकपाशी या. सावकाश.

कुणीतरी तेवढे पंखे बंद करा.

अहो, पंखे.

बटणं कुठे आहेत, मागच्या दाराशी? बसा, बसा. मीच जातो.