कॉलमवरची पट्टी

नाव अमोस ब्रुबाकर, वय ४९ वर्षे, धंदा औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी, राहणार एल्मायरा, ऑन्टारियो. ठाण्यात आपणहून हजर होऊन सांगतो ते असे :

मंगळवारी सकाळी मी प्रार्थना करून, घोड्याला चारा घालून कामावर गेलो. नवा कॉलम धुवायचा होता. कॉलम म्हणजे भुकटीने ठासलेली पोलादी नळी. तिच्यातून द्रावक सोडला की औषधातले घटक वेगळे होतात. हा आतून दहा सेंटिमीटर रुंद, तीस लांब. वापरण्याआधी तो आकारमानाच्या पाचपट द्रावकाने धुतात. आकारमान आमचे प्रमुख डॉ. ग्रँट हॅलिडे काढतात आणि पट्टीवर लिहून कॉलमला चिकटवतात. पट्टी चिकटली की पुन्हा हिशेब करायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. वेळ वाचतो.

पट्टीवर ९.४ लिटर होते. माझी सहकारी नदीन थिबो म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही त्रिज्येच्या जागी अख्खी रुंदी धरलीत. हा अडीच लिटरचासुद्धा नाही."

डॉक्टर म्हणाले, "मी कॉलम भरायला लागलो तेव्हा तू बाटलीनं दूध पीत होतीस, नदीन. पट्टीवर आहे तो आकडा यंत्रात घाल."

"घालते. मग खाली मोठं पिंप तरी द्या."

"आहे ते पुरतं. कायम पुरलंय."

पाचपट म्हणजे सत्तेचाळीस लिटर. बाहेर पडणारा द्रावक साठवायचे पिंप वीस लिटरचे. डॉक्टरांचा दोन्हींवर विश्वास होता.

पंप चालू करून नदीन गोदामात दुसरे पिंप शोधायला गेली. ती परतली तेव्हा द्रावक जमिनीवर वाहत होता. पंप बंद करायला वाकली आणि द्रावकाच्या वाफेने तिथेच कोसळली. मी शेजारच्या खोलीतून धावत आलो, पंप थांबवला, तिला बाहेर ओढले.

दुपारी डॉक्टरांनी तुमच्या अधिकाऱ्यांना सांगितले, की नदीनने यंत्रात मनाने चुकीचा आकडा घातला. ती इस्पितळात आहे, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे. त्यामुळे तिने हरकत घेतलेली नाही.

अधिकारी गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "अमोस, तो कॉलम जरा पुसून घे. पट्टी-बिट्टी काढून टाक. तू देवाधर्माचा माणूस, तुला स्वच्छता काय शिकवायची."

मी "बरं, डॉक्टर" म्हणालो. माझ्या भक्तीवर त्यांचा एवढा भरवसा आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. घरी गेल्यावर मी त्यावर विचार करत बराच वेळ गुडघे टेकून प्रार्थनेला बसलो.

आज सकाळी कॉलम पुसला. पट्टी काढली. अक्षर डॉक्टरांचे आहे, खाली सहीही आहे. सही करायला ते कधी विसरत नाहीत. पट्टी कुठे टाकायची, हे त्यांनी सांगितले नव्हते. ती मी तुमच्या टेबलावर ठेवली आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. त्यातले आकडे मी इथे बसून पुन्हा करून पाहिले. बरोबर आहेत.