शांत दिसणारी रेघ

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, कारखान्यातले माझे सहकारी आणि वेळात वेळ काढून आलेल्या निवृत्त बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी माझी इतकी स्तुती केली, की हे गृहस्थ कोण, असं मलाच विचारावंसं वाटलं. तीस वर्षं मी आपल्या कामगारांचा पेन्शन फंड सांभाळला म्हणे. सांभाळला?

सात वर्षांपूर्वी याच पडद्यावर मी दोन रेघा दाखवल्या होत्या, आठवतं? एक हरित शेअरची, म्हणजे पवनचक्क्या नि सौरऊर्जेच्या कंपन्यांची. ती सारखी वरखाली. दुसरी त्याच धंद्यांना कर्ज देणाऱ्या हरित रोख्यांची; अगदी शांत. मी छाती फुगवून म्हणालो, "एक घसरलं तर दुसरं सावरेल. निम्मे इथे, निम्मे तिथे." तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

आमच्याकडची नवी विश्लेषक तेवढी म्हणाली, "सर, या रोख्यांचे सौदे महिनोन् महिने होतच नाहीत. आपण जुनाच भाव पुढे लिहितोय, म्हणून रेघ शांत दिसते." मी हसलो. म्हटलं, "बाई, चांगल्या कामात खोट काढू नका."

मग व्याजदर चढले. शेअर कोसळले. आधार म्हणून रोखे विकायला काढले, तेव्हा कुठे खरा भाव कळला. तेही सोबतच कोसळले होते, आणि मला पत्ता नव्हता. पेन्शन निम्म्यावर आली.

माझा थोरला भाऊ इथेच फिटर होता. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू म्हणतोस ना, मग झालं," म्हणून त्याने माझ्या योजनेच्या संमतीपत्रावर सही केली. त्याचं बघून सगळ्या फिटरांनी केली. आज चौसष्टाव्या वर्षी तो पहारेकऱ्याच्या गणवेशात त्या दाराशी उभा आहे. मघाशी त्यानेच मला दार उघडलं. "या, साहेब," म्हणाला. जन्मभर मला बारक्या म्हणणारा माणूस!

यातून काही मार्ग निघेल, असं खोटं आता सांगवत नाही. ती विश्लेषकही केव्हाच नोकरी सोडून गेली.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं पोटात घाला म्हणायला जीभ रेटत नाही.

दादा, माझी खुर्ची रिकामी आहे. पाच मिनिटं येऊन बस ना रे.

...मान हलवतोय. ड्युटीवर आहे तो.