दाराआडून सुरू झालेली मालिका

दातांच्या दवाखान्यात दोघी बहिणी शेजारी-शेजारी बसल्या होत्या.

“‘आधी औषध, मग पुढची गोष्ट.’ मला गोवर आला होता, तेव्हाचा तुझा दाराआडचा आवाज अजून कानात आहे, ताई.”

“गोष्टीच्या लोभानं बाटली संपवलीस, लबाडे.”

“टीव्ही वाहिनीवाल्यांनाही तेच भावलं. त्या गोष्टीवरच्या मुलांच्या मालिकेचा प्रत्येक भाग असाच ऐन रंगात थांबू दे म्हणाले.”

“भावणारच. गोष्ट कुणाची आहे? पण नामावलीत ‘कथा’ म्हणून तुझंच नाव येतं. त्यांची चूक म्हणालीस, ती अजून निस्तरली नाही का?”

“त्यांची चूक नव्हती, ताई. कथा कुणाची विचारलं, तेव्हा मीच ‘माझी’ म्हणाले. आज सकाळी जाऊन खरं सांगून आले. उद्यापासून तुझं नाव येईल.”