यांच्या शेवटच्या डब्यातली काडतुसं

मी मूळची नागपूरची, महाल भागातली. हे लेथवर काम करायचे, नणंदेनं आमच्या ग्रीन कार्डाची फाइल केली म्हणून आम्ही इकडे फ्रिस्कोला आलो, तेव्हा इथे नुसती शेतं होती, आता बघावं तिकडे आपलीच माणसं, आपलीच दुकानं, तरी बोलायला कोणी नाही, ते सोड. मी घरून पोळ्या करून देते, अजूनही देते, हात चालतात तोवर.

यांना नाद लागला तो रायफलचा. जुनी, लढाईतली, एक गोळी उडाली की पुढचं काडतूस आपलं आपणच चढवणारी. मी म्हटलं, काहून बाप्पा, घरात बंदूक कशाला? तर म्हणाले, अगं मशीन आहे ते, किती सुरेख घडवलंय बघ तरी. पण काय सांगू तुला, रविवारी घरात एकटीनं बसण्यापेक्षा मीही नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले. ती रायफल रिकामी काडतुसं कुठच्या कुठे फेकते, आणि हे असे चिक्कू, एक सोडू देतील तर शपथ, मग मी गवतातून वेचायची, ओढणीत घेऊन यायची. घरी गॅरेजमध्ये हे ती साफ करायचे, मापात आणायचे, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायचे, पावडर तोलून भरायचे, वर गोळी. भरताना बोलायचं नाही, रेडिओ नाही, फोन नाही. मी शेजारी मटार सोलत बसायची. आमचा संसार त्या गॅरेजमध्येच झाला म्हण ना.

मग यांना विसर पडायला लागला. चहात साखर दोनदा, नाहीतर नाहीच. मी म्हटलं, आता नका भरू, तर चिडायचे, एवढंच तर येतंय मला म्हणायचे. तो शेवटचा डबा भरला आणि त्याच थंडीत गेले.

वॉल्टर आला, यांचा रेंजवरचा दोस्त, रडला बिचारा. म्हणाला, दुसऱ्या कोणी भरलेलं काडतूस मी रायफलला लावत नाही, पण त्याचं डोळे मिटून लावीन, तो डबा दे, त्याच्या नावानं उडवतो. मुलाला सांता क्लाराला फोन केला तर तो म्हणाला, आई, देऊन टाक ना, इट्स सो स्वीट. मी नाही दिला. पावडर जास्त पडली असेल तर रायफल तोंडावर फुटते. पण वॉल्टरला कसं सांगू की या माणसाला शेवटी माझं नाव आठवत नव्हतं? नाही म्हटलं, नुसतं नाही. त्याला लागलं ते, तेव्हापासून येत नाही.

आता मीच ती काडतुसं खोलून राहिले, एकेक. प्लास्टिकचा पोकळ हातोडा असतो, त्याच्या डोक्यात काडतूस घालून जमिनीवर ठोकलं की गोळी सुटते, पावडर वाटीत काढायची. बरीचशी मापात निघतात, मग मला बरं वाटतं, त्या दिवशी यांना बरं होतं म्हणायचं. काहींत पावडरच नाही. दोनेक काठोकाठ भरलेली निघाली, तेव्हा मात्र वाटी तशीच ठेवून देवापाशी दिवा लावला गं मी. एका दुपारचं काम आहे खरं तर, पण मी रोज एकच खोलते, पोळ्या झाल्यावर. संपली की मग गॅरेजमध्ये जायचं कशाला?

तू हे सगळं गोष्टीत लिही बिनधास्त, मराठीत आहे, वॉल्टरला कुठे कळणार. देव त्याला सुखात ठेवो. रागावलाय तर रागावू दे, त्याला हे अजून पक्क्या हाताचे म्हणून आठवतात, तसे कोणाला तरी आठवायला हवेत.