शिडाला घेतलेली होडी

—नाही नाही, तिथं नको व्याहीबुवा, त्या फळीवर नको! ती फळी दिसते तशी नाही. म्हणजे फळीच आहे, पण कुठं ठोकलेली नाही, नुसती ठेवलीय, शोभेला. इकडं या, या पेटीवर बसा. हां. आता बसा ऐसपैस— ऐसपैस जागा नाही हे मलाही दिसतंय, पण म्हणायची आपली एक पद्धत. डोकं मात्र खाली ठेवा. ही जी आडवी काठी आहे ना शिडाखालची, ती कोणाचा मान ठेवत नाही. हे बघा कपाळ. हे कालचं. आणि हे परवाचं. विहीणबाई आणि आमची ही, नीट बसल्या ना सकाळच्या फेरीबोटीत? आमची काही म्हणाली? नाही? मग नक्की म्हणाली असणार. ती या होडीला सवत म्हणते. मी म्हटलं, अगं, सवत आणायची तर जरा धडधाकट तरी आणली असती! हसली नाही.

तर तुम्ही विचारत होतात, होडी घेतलीच कशी. तेच सांगत होतो मघाशी. लोक होडीला शीड घेतात, मी शिडाला होडी घेतली. म्हणजे बटण आवडलं म्हणून त्याला शर्ट शिवल्यासारखं. झालं असं, की एक दाताचे डॉक्टर हे शीड घेऊन दुकानात आले. अहो, पडदे शिवणारा मी, सोफ्याच्या खोळी, उशांचे अभ्रे, ते माझं राज्य. म्हटलं, डॉक्टर, एवढी मोठी खिडकी कुठं आहे तुमच्याकडं? उंदरांनी कुरतडलेलं, कडा उसवलेल्या, मधे ही एवढी चीर. पण कापड— काय सांगू! हात लावला आणि सोडवेना. जाड सुई आणली, दोऱ्याला मेण लावलं, दुहेरी टीप घातली. मशीन भिंतीकडं तोंड करून आहे ना माझं, सगळं दुकान भरून ते पांढरं कापड मागं पसरलं होतं, गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. आणि डॉक्टर काही न्यायला येईनात. शेवटी मीच गेलो त्यांच्याकडं. ते म्हणाले, गुडघे गेले हो माझे, आता कसली होडी. शीड तुम्हीच ठेवा. आणि होडीही घेऊन जा, बंदरावरचा माणूस मला रोज ओरडतो, जागा अडलीय म्हणून.— दुसरा कोणी शहाणा असता तर शीड घेऊन घरी आला असता.

मग बघायला गेलो. ताडपत्रीखाली पडली होती, तिच्यात मांजर व्यालेली. आतून सगळी हिरवी, बुडाला शिंपल्यांचा थर, सुकाणू असं घट्ट बसलेलं की जणू कोणी रागावून बसलंय. आणि बुडाला भोक. दिसत होतं मला, आंधळा नाही मी. तर मी पहिल्यांदा काय केलं? सांगा ना, काय केलं असेल? गाद्यांना खोळी शिवल्या. खिडक्यांना पडदे लावले. झालरीसकट! येतं ते माणूस आधी करतो हो, लागतं ते मागाहून. मग बंदरावरचा सुतार आला, त्यानं बुडावर टकटक केलं, बोट दाबलं, बोट आरपार. वर आला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, पडदे छान आहेत.

त्यानं फळ्या बदलल्या. मी खरवडायचं काम केलं— दुकान बंद केलं की इथं, पाठीवर झोपून, तोंडावर शिंपल्यांचा चुरा. आमची ही म्हणायची, घरी येताना तुम्ही नाही, मासळीबाजार येतो. पाण्यात सोडली त्या दिवशी सगळा धक्का जमला होता. सोडली, आणि बसली. म्हणजे तळाला जाऊनच बसली, नुसती डोलकाठी वर! लोक टाळ्या वाजवताहेत, मीही वाजवतोय, मालक असून. सुतार म्हणाला, घाबरू नका, लाकूड सुकलंय, पाणी पिऊ दे, फुगलं की भेगा मिटतील. आणि मिटल्या. बाहेर काढून, उपसून, पुन्हा सोडली तर तरंगली. थोडं येतं अजून, खोटं कशाला सांगू, पण पंप आहे. तो काय, तुमच्या पायाशी. आणि जाकीट बघा, अंगातच आहे, पाण्यात उतरून तपासलंय. तरंगतो मी. उलटा नाही, सुलटा.

 तुम्ही मुळातच कमी बोलणारे, रेल्वेच्या केबिनमध्ये एकट्यानं सिग्नल सांभाळत इतकी वर्षं काढलेला माणूस किती बोलणार? आणि माझ्यापुढं तसंही कोणाला बोलायला मिळत नाही. लेक लहानपणी म्हणायची, बाबांच्या तोंडाला झाकण शिवा कोणीतरी. आता आई झाली ती. आपल्या दोघांची नात तिकडं पलीकडच्या काठावर घरी आली, काचेच्या पेटीतून निघून आईच्या कुशीत आली, आणि— वारा चांगला आहे ना आज? असाच हवा. जोरात नको. पलीकडचा धक्का इथून दिसतो तरी, तो बघा, पाण्याच्या टाकीच्या डावीकडं.

काय शोधताय? रुमाल? हा घ्या माझा, कोरा आहे, काल शिवला— अहो पडलं काहीतरी. थांबा, उडेल. हे— तिकिटं. फेरीबोटीची. दुपारची. दोन.

दोन कशी? विहीणबाई तर सकाळी गेल्या.

अच्छा. म्हणजे माझ्याबरोबर यायला नाही आलात तुम्ही. मला न्यायला आलात. हिनं पाठवलं का? नाही? मग? …लेकीनं. काय म्हणाली? बाबा कोणाचं ऐकत नाहीत, पण तुमचा मान ठेवतील, असं? हो, ठेवला असता. तीच तर गंमत आहे. फोनवर मी म्हटलं, नातीला बघायला शिडाच्या होडीनं येतो, तर तिकडं सगळे हसले, जावई हसले, मागं शेजारच्या बाई पण हसल्या. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

तुम्ही होतात ना दवाखान्यात त्या दिवशी? मूल वेळेआधी आलं, डॉक्टर काही धड सांगेनात, आणि मी त्या बाकावर बसून सगळ्यांना हसवत होतो. त्या परिचारिकेची नक्कल केली मी. तुमच्या विहिणीला, म्हणजे हिला, रडू येत होतं, तिलाही हसवलं.  उभा राहिलो असतो तर पडलो असतो, म्हणून बसून बोलत होतो. आणि आत गेलो, त्या काचेतून तो एवढासा जीव बघितला, नाकात नळी— आणि तोंडातून काय निघालं माहितीय? म्हटलं, हिला तर रुमालाचा फ्रॉक पुरेल. लेक माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, बाबा, तुम्हाला कशाचं काही वाटतच नाही का?

ऐकलं होतंत तुम्ही. दारात होतात. बाहेर गेलात लगेच, तेव्हाच मला कळलं ऐकलंत म्हणून.

मीही मागून बाहेर आलो. मग घरी येऊन ठरवलं, एकदा तरी असं काहीतरी करायचं, ज्यात हसण्यासारखं काहीच नसेल. आणि निवडलं काय? होडी! झालरीच्या पडद्यांची!— बघा, आत्ताही. हे असं होतं माझं.

नाही, राहू द्या, रागावलो नाही. तुमच्यावर तर नाहीच. तुम्हाला पुढं केलं त्यांनी. पण एक सांगतो, हिलाही सांगितलेलं नाही. काल मी गेलो होतो. एकटाच. बंदराच्या भिंतीबाहेर, पाण्यात खुणेला सोडलेल्या त्या लाल पिंपापर्यंत आणि परत. सुतार भिंतीवर उभा होता, वेळ पडली तर यायला, पण वेळ पडली नाही. भिंत ओलांडली आणि शीड भरलं— माझी टीप होती सगळी, एकूण एक टाका ताणला गेला, आणि एकही सुटला नाही. आवाज नाही काही. इंजिन नाही, मशीन नाही. होडी नुसती निघाली. आणि मी तोंड मिटून बसलो होतो, व्याहीबुवा. जाऊन येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. रडलो असेन थोडा. वाऱ्यानंही पाणी येतं डोळ्यांना.

भोंगा झाला बघा. लागली फेरीबोट. तुम्ही निघा. नाही, मी नाही येत. दुसरं तिकीट फाडू नका, कोणाला तरी द्या, रांगेत उभा असेल कोणी. उतरा, हात द्या, काठी सांभाळा— लागलं का? लागलं. सांगितलं होतं. चोळा जरा. सुतार तिथं मोठ्या मचव्यात बसलाय, तो माझ्या मागं मागं येणार आहे, तेवढं लेकीला आधी सांगा, मग बाकीचं. काय सांगायचं? सांगा, येतोय म्हणून. आणि तिला बाळाला घेऊन धक्क्यावर उभी राहायला सांगा, डोक्याला टोपी घालून, ऊन आहे. हसले सगळे तर हसू देत.

तुम्ही— तुम्ही दोर सोडताय? तो खुंटीवरचा? अहो, थांबा, मी सोडतो, तुमचे कपडे— बरं. सोडा. माझ्याकडं टाका. आला. पुढचाही? टाका.

आता जा, व्याहीबुवा. बोट चुकेल. आणि मागं वळून बघू नका हं, हात जोडतो. कोणी बघत असलं की मी बोलत बसतो. जा.