वाळत घातलेल्या काड्या

वाळत घातल्या हो! वाळत! अहो काड्या, काड्या… चिकनच्या! बांबूच्या काड्या मी रात्रभर बादलीत भिजत ठेवल्या होत्या आणि माझ्या सासूबाईंनी त्या सकाळी गॅलरीत उन्हात वाळत घातल्या, बोंबलासारख्या, एकीला दुसरी चिकटू न देता! आता माणसाने करायचं काय? नाही, हसू नका, तुमच्या घरी झालं असतं म्हणजे कळलं असतं.

तुम्हाला सांगतो, ह्या सगळ्याच्या मुळाशी माझा मेव्हणा, कल्पेश. नेऱ्याला मित्राच्या फार्महाउसवर गेला, तिथे कुणीतरी भाजलेलं चिकन ह्याने खाल्लं… खाल्लं फक्त! आणि आमच्या नवीन पनवेलच्या घरी येऊन मलाच सांगतो, "भावोजी, बार्बेक्यू तुमच्यानं नाय जमायचं. तुमी आपलं ऑम्लेट करा." ऑम्लेट! बायकोसमोर! आणि बायको, म्हणजे त्याची सख्खी बहीण दिपा, ती हसली हो! तेव्हाच ठरवलं, ह्याच्या तोंडून "मानलं भावोजी" काढून घेतल्याशिवाय गप्प बसायचं नाही. म्हटलं, ये रविवारी जेवायला!

मग काय, टीव्हीवरच्या बाईने सांगितलं तसं शनिवारी रात्री सगळं केलं. दही, आलं, लसूण, मिरपूड लावून तुकडे फ्रीजमध्ये. वरून लावायला मध आणि सोया सॉस आटवून चकचकीत पाक. तो फासायला नवा कोरा ब्रश. आणि काड्या पाण्यात, कारण त्या बाईने बजावलं होतं, काड्या भिजवा, नाहीतर पेटतील. कोळसे आणायला खालच्या इस्त्रीवाल्या दयारामकडे गेलो तर त्याचा चेहरा पडला, "साहेब, आमच्या इस्त्रीत काय कमी पडलं?" त्याची समजूत घालता घालता माझा जीव गेला!

आणि घरात? घरात एकच प्रश्न. दिपा फ्रीज उघडते, "हे भाजणार ते ठीक, पण रस्सा कुठाय?" म्हटलं, याला रस्सा नसतो. शेजारच्या कीर्तीवहिनी डोकावल्या, "अय्या, छान! आणि रस्सा?" अहो, नसतो! सासूबाई, गंगाबाई, शनिवारीच आल्या होत्या करंजाहून. मासे सुकवण्यात जन्म गेलेली बाई. त्यांनी पाकात बोट घालून चाटलं. "दिपे, ह्यो मद कुनाला गो? कोंबरीला खोकला झालाय?" मग माझ्याकडे वळून, "आनि रस्सा कुठं हाय?"

रस्सा, रस्सा, रस्सा! कोंबडी काय फक्त रश्श्यासाठीच जन्माला येते का हो?

तर रविवारी गॅलरीत शेगडी पेटवली, तुकडे ओवायला घेतले, काड्या हाताला कोरड्या लागल्या. म्हटलं, दिपाने पुसून ठेवल्या असतील… मला काय स्वप्न पडलं होतं? ओळीने मांडल्या, पाकाचा पहिला हात फिरवला. काय ती चकाकी! काय तो वास! एवढ्यात खाली कल्पेशच्या बाइकचा हॉर्न, आणि इकडे फुर्रर्र! एक काडी, दुसरी काडी, सगळ्या काड्या! तुकडे धपाधप निखाऱ्यांत! मी ब्रशने विझवायला गेलो तर ब्रश पेटला! आणि मागून सासूबाई, कौतुकाने, "बगा कश्या झ्याक पेटल्या! पार वल्या व्हत्या, मी सुकवल्या म्हनून!"

"अहो आई, पेटू नयेत म्हणून भिजवल्या होत्या मी!"

"मंग इस्तवावर कशाला ठेवल्या?"

मी जळका ब्रश बादलीत बुडवला.

त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. काय वाटलं कुणास ठाऊक, निखाऱ्यांतून सगळे तुकडे हातानेच उचलले आणि धरले नळाखाली! माझं दही, माझा पाक, सगळं मोरीत! वर कांदा-खोबऱ्याचं वाटण तयारच होतं… तयारच! म्हणजे बाईचा माझ्यावर विश्वास किती ते बघा! पिशवीतून घरचा मसाला निघाला, आणि गेली कोंबडी रश्श्यात.

कल्पेश आत आला तो नाक मुरडतच, "भावोजी, धूर लय हाय! झाला का बार्बेक्यू?"

सासूबाई म्हणाल्या, "गप बस आनि जेव. जावयांनी रस्सा केलाय, सोताच्या हातानी."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि कल्पेश जेवला हो! तांदळाच्या भाकऱ्यांवर भाकऱ्या! शेवटी पातेलं बोटाने पुसलं आणि म्हणाला, "मानलं भावोजी!" ज्या शब्दांसाठी मी भाजून निघालो ते शब्द मिळाले, आणि मिळाले कुणाला? रश्श्याला! एवढ्यावर थांबला का? नाही! तिथल्या तिथे करंजाला फोन. येत्या रविवारी सगळी मंडळी टेम्पो करून येताहेत, भावोजींच्या हातचा रस्सा खायला.

सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्ही तरी या. तर म्हणतात, "मना नाय जमायचं, बोंबील वालत घातलेत."

तर आता चिडायचीसुद्धा ताकद राहिली नाही बघा… एकच विचारतो. तुमच्यापैकी कुणाला येतो का हो… रस्सा?